लाखेची तबकडी आणि मागे उरलेले आवाज

१९०२ हे साल आपल्या वाचकांना एका कारणाने चांगले परिचित आहे. त्या वर्षी २६ जुलै रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा आदेश जाहीर केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्याच्या एका हॉटेलातील खोल्यांत फ्रेड गेसबर्ग नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने भारतभूमीवर तबकड्यांसाठीचे पहिले ध्वनिमुद्रण केले. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तथापि, कोणाला स्थान मिळावे आणि कोणाचा आवाज ऐकला जावा, हा प्रश्न दोन्ही घटनांच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात लाखेच्या तबकडीचे तंत्र समजून घेऊन त्या तंत्राने शास्त्रीय संगीतात कोणाचा आवाज राखला आणि कोणाचा हरवला, याचा विचार करावयाचा आहे.

पळसाच्या फांदीपासून आरंभ

किनवट, इस्लापूर आणि सहस्रकुंडाच्या परिसरात फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा सारे रान पेटल्यासारखे दिसते. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा कीटक वाढतो. तो फांदीतील रस शोषून घेतो आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतो. हीच लाख. एक किलो लाखेसाठी सुमारे तीन लाख कीटकांचे श्रम खर्ची पडतात, असा हिशेब सांगितला जातो. फांद्या खरवडून काढलेली लाख धुवावयाची, तापवून गाळावयाची आणि तिचे पातळ पापुद्रे करावयाचे, म्हणजे चपडा तयार होतो. बांगड्या, लाकडी वस्तूंवरील चकाकी आणि पत्रावरची मोहोर यांसाठी आपल्या देशात लाख फार पूर्वीपासून वापरात आहे. महाभारतातील लाक्षागृह तर सर्वांना ठाऊकच आहे.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एडिसन यांचा १८७७ चा फोनोग्राफ नळकांड्यावर आवाज कोरीत असे. बर्लिनर यांनी नळकांड्याऐवजी सपाट तबकडी घेतली. आरंभी या तबकड्या कठीण रबराच्या होत्या. त्या लवकर वाकत व त्यांचा पृष्ठभाग एकसारखा राहत नसे. १८९५ च्या सुमारास चपड्याचे मिश्रण वापरण्यास सुरुवात झाली आणि पुढील अर्धशतक जगभरातील तबकड्या त्याच मिश्रणाच्या बनत राहिल्या. उष्णतेने मऊ होणे आणि थंड होताच कठीण होणे, हा लाखेचा गुण तबकडी छापण्यास अत्यंत सोयीचा होता.

या लाखेचा मोठा भाग भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली, यावरूनच या व्यापाराचे महत्त्व लक्षात यावे. लाख गोळा करणारे हात प्रामुख्याने आदिवासींचे होते. युरोपातील मोठ्या गायकांचा आवाज ज्या पदार्थावर अमर झाला, तो पदार्थ आपल्या रानातील माणसांनी फांद्या खरवडून जमवलेला होता. ही गोष्ट सामान्यतः सांगितली जात नाही, म्हणून येथे आवर्जून नोंदवली आहे.

कर्णा, पडदा आणि मेण

आरंभीच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता आणि आवाज वाढविण्याचे कोणतेही साधन नव्हते. गायकाच्या तोंडासमोर एक मोठा कर्णा असे. कर्ण्याच्या अरुंद टोकाला एक पातळ पडदा बसविलेला असे व त्या पडद्याला कोरणारी सुई जोडलेली असे. सुईखाली मेणाची जाड, गुळगुळीत चकती एकसारख्या वेगाने फिरत राही. तो वेग ढळू नये, म्हणून यंत्र एखाद्या जड वजनाच्या सावकाश खाली उतरण्यावर चालविले जाई. गायकाच्या आवाजाने कर्ण्यातील हवा थरथरे, हवेने पडदा थरथरे, पडद्याने सुई डावी-उजवीकडे हले आणि मेणावर नागमोडी रेघ उमटे. ती रेघ म्हणजेच गाणे.

सुई कोरण्यासाठी लागणारी सारी शक्ती गायकाच्या छातीतूनच यावी लागे. त्यामुळे गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. तार सप्तकातील जोरकस स्वर आला की मागे सरावयाचे आणि खर्जात उतरताना पुन्हा पुढे यावयाचे. अनेकदा तंत्रज्ञच गायकाला खांद्याला धरून पुढे-मागे करीत असे. सारंगी किंवा पेटी वाजविणाऱ्याला कर्ण्याच्या जवळ आणि तबलजीला काहीसे दूर बसवावे लागे.

हे यंत्र फारच थोडे ऐकत असे. साधारणपणे २५० ते २५०० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनीच त्यावर नीट उमटत. डग्ग्याचा घुमारा त्याखाली राही, तर तंबोऱ्याच्या झंकारातील सूक्ष्म स्वर त्याच्या वर निसटून जात. म्हणून जुन्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तबल्याचा केवळ टक्‌टक्‌ असा आवाज लागतो. ही उणीव वादकांच्या हातात नसून यंत्राच्या कानात होती, हे जुन्या तबकड्या ऐकताना ध्यानी ठेवले पाहिजे.

मेणावर एकदा रेघ उमटली की दुरुस्ती नाही. कोरलेले मेण लगेच वाजवून पाहावे, तर सुईने ते खराब होई. चूक झाल्यास मेण खरवडून गुळगुळीत करावयाचे आणि पुन्हा पहिल्यापासून गावयाचे, एवढाच मार्ग होता.

मेणापासून तबकडीपर्यंत

मेणाच्या चकतीवर विजेचा प्रवाह खेळावा म्हणून तिच्यावर ग्राफाइटची अतिसूक्ष्म पूड चढवीत आणि विद्युत्-विलेपनाने तिच्यावर तांब्याचा थर बसवीत. हा थर सोडवून घेतला की मेणातील खोल रेघेची उंच रेघ झालेला उलटा साचा हाती येई. त्यावरून पुन्हा सुलटा साचा व त्यावरून छापण्याचे उलटे साचे तयार करीत. एका गाण्याच्या हजारो प्रती काढता याव्यात, यासाठी ही सारी योजना होती.

छापण्याचे मिश्रणही जाणून घेण्यासारखे आहे. त्यात चपडा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा असे. उरलेल्या भागात दगडाची बारीक पूड, काळा रंग येण्यासाठी काजळी आणि थोडे कापसाचे तंतू असत. हे मिश्रण वाफेने तापवून मऊ करीत, दोन साच्यांमध्ये ठेवून प्रचंड दाबाखाली दाबीत आणि लगेच पाण्याने थंड करीत. दगडाच्या पुडीमुळे तबकडी काहीशी खरखरीत राही. त्या खरखरीनेच पोलादी सुई घासली जाऊन रेघेच्या आकाराची होई. म्हणूनच प्रत्येक बाजू वाजविताना नवी सुई लावावी, असा नियम होता. तबकडी हातून पडली की तिचे तुकडे होत, कारण लाख कठीण असली तरी ठिसूळ असते.

१९०२ मध्ये हे काम भारतात होत नव्हते. कलकत्त्यात कोरलेली मेणे जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तयार होऊन परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना सुरू झाला, त्यानंतर तबकड्या येथेच छापल्या जाऊ लागल्या. हॅनोव्हरच्या कामगारांना आपली भाषा कळत नसे. तबकडी कोणाची, हे त्यांना ओळखता यावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायकाने आपले नाव उच्चारावे, अशी पद्धत पडली. गौहर जान (१८७३–१९३०) या गायिकेने आपल्या तबकड्यांच्या शेवटी इंग्रजीतून आपले नाव मोठ्या दिमाखात उच्चारले आहे. ही निव्वळ कारखान्याची सोय होती. परंतु त्या सोयीमुळे एका स्त्रीने आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवले आणि ते आजही ऐकू येते.

तीन मिनिटांचा ख्याल

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे आणि बारा इंचीवर चार मिनिटांहून थोडे अधिक गाणे मावत असे. मिनिटाला ७८ फेऱ्या धरल्या, तर तीन मिनिटांत तबकडी २३४ वेळा फिरते. तेवढ्या फेऱ्यांत ख्याल बसवावयाचा होता. बैठकीत एक राग तासभर चाले. विलंबित लयीत एकेक स्वराची बढत करीत जाणे, हाच ख्यालाचा प्राण. तबकडीवर त्याला वावच नव्हता.

यातून गायकांनी मार्ग काढला. विलंबिताला फाटा देऊन मध्य अथवा द्रुत लयीची बंदिश घ्यावयाची. पहिल्या काही क्षणांतच रागाचे मुख्य अंग दाखवावयाचे. अस्थायी आणि अंतरा नेमका मांडावयाचा. त्यानंतर मोजक्या ताना घेऊन समेवर यावयाचे. ही संक्षेपाची कला साधी नव्हती. कोल्हापूरचे नारायणराव व्यास (१९०२–१९८४) यांनी ती इतकी आत्मसात केली की त्यांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. तीन मिनिटांत राग कसा मांडावा, याचा त्या वस्तुपाठ ठरल्या.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी. ७८ फेऱ्यांचा वेग साधारणपणे १९२५ नंतर रूढ झाला. त्याआधी निरनिराळ्या कंपन्यांचे वेग निरनिराळे होते. ७२ फेऱ्यांच्या वेगाने कोरलेली तबकडी ७८ ने वाजविली, तर गाणे आठ टक्क्यांहून अधिक जलद होते आणि स्वर एका अर्धस्वरापेक्षाही वर चढतो. पूर्वीचे गायक फार उंच पट्टीत आणि भरधाव गात, अशी जी समजूत आढळते, तिच्यातील काही भाग या चुकीच्या वेगाचा आहे.

कर्ण्यासमोर कोण उभे राहिले?

येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. कर्ण्यासमोर सर्वप्रथम उभ्या राहिल्या त्या मुख्यतः तवायफ आणि कलावंतीण स्त्रिया. गौहर जान यांनी पुढील वर्षांत अनेक भाषांमधून सुमारे सहाशे तबकड्या दिल्या. आग्र्याच्या जोहराबाई (१८६८–१९१३) यांचे ख्याल तबकड्यांवर आले आणि पुढच्या पिढीतील मोठमोठ्या उस्तादांनी ते आदराने ऐकले. समाजाने या स्त्रियांना गाण्यासाठी बोलावले. मात्र प्रतिष्ठेच्या पंगतीत बसू दिले नाही. नव्या यंत्रासमोर जाताना गमावण्यासारखी प्रतिष्ठाच त्यांच्याकडे नव्हती. मिळविण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

उलट अनेक नामांकित गवई या यंत्रापासून दूर राहिले. घराण्याची बंदिश परक्याच्या हाती जाईल. आपले गाणे पानपट्टीच्या दुकानात वाजेल. तीन मिनिटांत राग गाणे म्हणजे रागाची विटंबना. काहींच्या मते तर यंत्र आवाज खेचून घेते. अशी अनेक कारणे होती. त्यांतील तीन मिनिटांविषयीचा आक्षेप अगदी योग्य होता. तरीही परिणाम काय झाला, हे पाहिले पाहिजे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास राहिलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे गाणे आज आपल्याला ऐकता येत नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचेही येत नाही. त्यांच्याविषयी ग्रंथ आहेत, आठवणी आहेत, शिष्यपरंपरा आहे. मात्र आवाज नाही. याउलट, छत्रे सर्कशीच्या आश्रयाने महाराष्ट्रात राहिलेले ग्वाल्हेर घराण्याचे रहिमतखाँ आयुष्याच्या अखेरीस कर्ण्यासमोर बसले, म्हणून त्यांच्या थकलेल्या, तरीही विलक्षण सुरेल आवाजाची थोडी खूण मागे राहिली.

अल्लादिया खाँ यांची विद्या आपण ऐकतो ती त्यांच्या शिष्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून. त्यांतील केसरबाई केरकर (१८९२–१९७७) या गोव्यातील केरी गावच्या, कलावंत समाजात जन्मलेल्या. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात पाठविली, तेव्हा त्यांच्यासोबतच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जगभरातील संगीत कोरलेले होते. त्यात भारतातून केसरबाईंची भैरवी निवडली गेली. तिची लांबी सुमारे साडेतीन मिनिटे, म्हणजे जुन्या तबकडीच्या एका बाजूएवढीच. दुसरे यान ५ सप्टेंबर रोजी निघाले आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले. ज्या समाजातील स्त्रियांना गावात मान नव्हता, त्यांतील एका स्त्रीचा आवाज आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे चालला आहे.

विजेचा कान

१९२५ मध्ये पाश्चात्त्य देशांत विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस ते भारतातही आले. मायक्रोफोनने आवाज टिपून तो विजेने वाढवावयाचा आणि मग सुई चालवावयाची, अशी ही रीत होती. आता सुई हलविण्यासाठी छातीचा जोर लागत नव्हता. ऐकू येणाऱ्या ध्वनीचा पट्टा दुपटीहून अधिक रुंद झाला. हळुवार स्वर, श्वास आणि मींड तबकडीवर उतरू लागली.

हा फरक प्रत्यक्ष कानांनी पारखावयाचा असेल, तर मिरजेचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या १९०५ च्या सुमाराच्या आणि १९३० नंतरच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकाव्यात. पहिल्या तबकड्यांत वेग आणि जोर आहे. दुसऱ्या तबकड्यांत एकेका स्वरावर रेंगाळणारा, अत्यंत मृदू आवाज आहे. वयानुसार गायकी पालटली होती, हे खरे. परंतु ती मृदुता ऐकणारे यंत्रही आता जन्माला आले होते.

ऐकण्याचा अधिकार

घराण्याची विद्या मिळविण्यासाठी गुरूच्या घरी राहावे लागे, आणि ते दार सर्वांना उघडे नव्हते. बैठका संस्थानिकांच्या, सावकारांच्या वाड्यांत होत. तेथे आपल्या आजोबा-पणजोबांना श्रोता म्हणूनही प्रवेश नव्हता. ग्रामोफोन स्वस्त नव्हता, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्या हॉटेलात काहींसाठी वेगळा कप ठेवला जाई, त्या हॉटेलातील तबकडीचा आवाज दाराबाहेर उभ्या असलेल्यालाही ऐकू येई. आवाजाला उंबरा अडवू शकत नाही. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐकून वेडावला आणि १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. पुढे जग त्यांना पंडित भीमसेन जोशी या नावाने ओळखू लागले. पहिली दीक्षा त्यांना तबकडीने दिली होती.

तरीही ऐकण्याचा अधिकार मिळणे आणि ऐकविण्याचा अधिकार मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी माणसे लाख जमवीत होती, त्यांच्या गाण्यांना कंपन्यांच्या याद्यांत फारसे स्थान नव्हते, कारण तबकड्या विकत घेणारा ग्राहक त्यांच्यात नव्हता. जोतीराव फुले १८९० मध्ये गेले, तेव्हा फोनोग्राफ निघून तेरा वर्षे झाली होती. पण त्यांचा आवाज आपल्यापाशी नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलशांतून गावोगाव जागृती केली. ती गाणी बहुतांशी कागदावर आणि लोकांच्या स्मरणात टिकली. त्या रात्रींचा नाद विरून गेला. बाबासाहेबांचा आवाज आपण ओळखतो, तो १९५५ च्या बीबीसी मुलाखतीसारख्या थोड्या ध्वनिमुद्रणांमुळे. तेवढेही नसते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

आपले कर्तव्य

भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली धम्मसंगीती भरली. तेथे आनंदाने सुत्त सांगितले आणि न्हावी कुळात जन्मलेल्या उपालीने विनय सांगितला. पुढे कित्येक पिढ्या भिक्खूंनी ते पाठ करून राखले आणि इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते लिहिले गेले. संगीती या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र म्हणणे असा आहे आणि संगीत या शब्दाचा धातूही तोच. ऐकलेले जपून ठेवणे हे आपल्या परंपरेत केवळ छंदाचे काम नसून ते धम्मकार्य मानले गेले आहे.

लाखेच्या तबकडीचे युग १९४८ मध्ये व्हिनाइलची दीर्घ तबकडी आल्यावर ओसरू लागले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांनी आणि अनेक संग्राहकांनी त्यातील बरेच काही वाचविले. आपल्या आवाजांचे संग्राहक मात्र आपल्यालाच व्हावे लागेल. किनवटच्या परिसरात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजांची गाणी आहेत. आपल्या वस्त्यांत भीमगीते, जात्यावरच्या ओव्या आणि जलशांच्या आठवणी सांगणारी वृद्ध माणसे अद्याप आहेत. आज प्रत्येकाच्या खिशात गेसबर्गच्या यंत्राहून कितीतरी पटींनी चांगले यंत्र आहे आणि त्याला तीन मिनिटांची मर्यादाही नाही.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती की, या सुट्टीत घरातील एका वृद्ध व्यक्तीसमोर बसावे. त्यांची परवानगी घ्यावी. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि मध्येच न थांबविता त्यांना मनसोक्त गाऊ द्यावे, बोलू द्यावे. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी किंवा शेवटी त्यांच्याच तोंडून त्यांचे नाव, गाव आणि तारीख सांगवून घ्यावी. त्या ध्वनिमुद्रणाच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि एक प्रत आपल्या शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. शंभर वर्षांपूर्वी कोणाचा आवाज राखावा, हे कंपन्या आणि बाजार यांनी ठरविले. आज तो निर्णय आपल्या हाती आहे आणि ज्यांचे आवाज राखावयाचे, त्यांचे वय वाढत चालले आहे.